बातम्या सगळ्या पाठ, असाइनमेंटचं पान मात्र कोरं

प्रश्न थोडक्यात असा: निफाड तालुक्यातला मुलगा, मुक्त शिक्षणातून ऑनलाइन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. दिवसभर मेडिकलच्या दुकानात काम, रात्री दहानंतर मोबाइलवर व्याख्यानं. “युक्रेन, गाझा, तैवान सगळं रोज बघतो, मित्रांना समजावूनही सांगतो. पण ‘वास्तववादी दृष्टिकोन उदाहरणासह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की चार ओळींपुढे पेन सरकत नाही. कोणती पुस्तकं घेऊ? इंग्रजी कच्चं आहे. आणि मॅडम, मला अहो-जाहो करू नका.”

बरं, नाही करत.

बावीस वर्षं हा विषय शिकवतेय. त्यातली बरीच वर्षं रविवारी अभ्यासकेंद्रावर, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलामुलींना. तुझा प्रश्न दर पहिल्या सत्रात येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात जास्त बातम्या पाहणारा असतो. दोन्हींचा संबंध आहे.

आधी पुस्तकांचं. आत्ता एकही विकत घेऊ नकोस. विद्यापीठाने पाठवलेलं अभ्याससाहित्य पहिल्या वर्षाला पुरतं, आणि ते तू अजून नीट उघडलेलं नाहीस असा माझा अंदाज आहे. चुकीचा ठरला तर आनंदच. बंद करायचं ते बातम्यांचे व्हिडिओ बघणं. ‘अमुक देशाचा मास्टरस्ट्रोक’, ‘तमुक देश हादरला’ असल्या व्हिडिओत आता पुढे काय होणार एवढंच असतं. परीक्षेत ते कोणी विचारत नाही. विचारतात ते असं का झालं, आणि ‘का’चं उत्तर द्यायचं तर एकच प्रकरण धरून सहा महिने त्याच्यामागे लागावं लागतं. दहा प्रकरणं वरवर माहीत असलेला विद्यार्थी पेपरात चार ओळींवर अडतो, कारण त्याच्याकडे प्रत्येकाच्या चारच ओळी असतात.

तर एक प्रकरण निवड. तुझ्यासाठी मीच निवडते, कारण ते तुझ्या दारात घडलंय: २०२३-२४ चा हिवाळा.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ नावाचं जहाज ताब्यात घेतलं. मग मालवाहू जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सुटू लागले. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालेल्या द्राक्षांना साधारण दोन आठवडे जास्त लागू लागले, भाडी चढली, आणि नेमका तेव्हाच आपला हंगाम उभा राहिला होता. तुमच्या गावात त्या वर्षी बागायतदार काय बोलत होते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल.

त्याच हिवाळ्यात दुसरी गोष्ट झाली. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. आधी मुदत ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढली आणि बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. दिंडोरी आणि नाशिक मतदारसंघांत मतदान होतं २० मेला. मधल्या काळात बंदी असूनही बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांद्याला परवानगी दिली गेली. हेच सहा देश का? ही यादी समोर ठेवून अर्धा तास विचार कर. परराष्ट्र धोरणाचं अख्खं प्रकरण त्यात सापडेल: शेजार, आखाती देश, हिंदी महासागरातली बेटं. मालदीव या यादीत नाही, त्याचं काय झालं तेही शोध. त्याला वेगळ्या वाटेने माल मिळाला, आणि ती वाट समजली की द्विपक्षीय करार म्हणजे काय हे पाठ करावं लागणार नाही.

द्राक्षं अडली ती हजारो किलोमीटरवरच्या एका सशस्त्र गटामुळे, ज्याला संयुक्त राष्ट्रांत जागा नाही. कांदा अडला दिल्लीतल्या निर्णयाने, आणि त्यामागे शहरातल्या ग्राहकाचा भाव होता, तोंडावर आलेली निवडणूक होती. दोन्हींचा फटका एकाच तालुक्याला. तुझ्या अभ्याससाहित्यात ‘विश्लेषणाच्या पातळ्या’ नावाचा भाग असेल: व्यक्ती, राज्यसंस्था, जागतिक व्यवस्था. तो भाग कांदा आणि द्राक्षं शेजारी ठेवून वाच. कोणती गोष्ट कोणत्या पातळीवर ठरली? कांद्याचं उत्तर सोपं वाटेल, द्राक्षांचं नाही. हुथींचा निर्णय, इराणचं पाठबळ, गाझाचं युद्ध, विमा कंपन्यांचे दर, या सगळ्यांना एका पातळीत कोंबता येत नाही, आणि असाइनमेंटमध्ये तेच लिहायचं असतं.

आता कागद. बातमीमागे जवळजवळ नेहमी एक दस्तऐवज असतो आणि तो फुकट मिळतो. १० जानेवारी २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तांबड्या समुद्राबाबत ठराव क्रमांक २७२२ मंजूर केला. बाजूने ११, विरोधात कोणी नाही, तटस्थ चार: रशिया, चीन, अल्जीरिया, मोझांबिक. दुसऱ्याच रात्री अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमध्ये हल्ले सुरू केले. ठराव उघड आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मार. परिषद कुठे ‘निषेध करते’, कुठे ‘मागणी करते’, आणि जहाजांचं रक्षण करण्याच्या सदस्य देशांच्या हक्काची मात्र नुसती ‘नोंद घेते’. भांडण झालं ते याच ‘नोंद घेते’वरून. कोणाला त्यात हल्ल्याची परवानगी दिसली, कोणाला दिसली नाही. तीन तासांच्या टीव्ही चर्चेत हे एक क्रियापद ऐकायला मिळत नाही.

आणि इथेच ‘तटस्थ’ या शब्दाशी थांबायला हवं, कारण आपली मराठी वर्तमानपत्रं इथे फार घोळ घालतात. २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं: १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत त्या ३५ मध्ये. दुसऱ्या दिवशी एका पेपरात ‘भारत तटस्थ’, दुसऱ्यात ‘भारत गैरहजर’, तिसऱ्यात ‘भारताने मतदान टाळले’. वाचणाऱ्याला वाटतं तिन्ही एकच. बेरीज करून बघ. १८१ होतात. सदस्य १९३. उरलेल्या १२ देशांनी मतच नोंदवलं नाही. तटस्थ देश सभागृहात असतो, ‘तटस्थ’ म्हणून नोंद करून घेतो, आणि बहुतेक वेळा उठून कारणही सांगतो. त्याला मतदानाचं स्पष्टीकरण म्हणतात आणि माझ्या मते मतापेक्षा ते जास्त वाचण्यासारखं असतं. त्याच आठवड्यात, २५ फेब्रुवारीला, सुरक्षा परिषदेत भारताने असंच स्पष्टीकरण दिलं: संयुक्त राष्ट्रांची सनद, आंतरराष्ट्रीय कायदा, देशांचं सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता, सगळ्याचा उल्लेख आहे. रशियाचं नाव नाही. काय म्हटलं आणि काय गाळलं, हे दोन रकाने वहीत आखून भर. एक असाइनमेंट तिथेच होते.

त्यात पुन्हा आपण स्वित्झर्लंडलाही ‘तटस्थ’ म्हणतो, आणि अलिप्ततावाद समजावतानाही ‘तटस्थ धोरण’ असं सर्रास लिहितो. मतदानातली तटस्थता एका दिवसाची असते. स्वित्झर्लंडची तटस्थता ही कायदेशीर भूमिका आहे. आणि अलिप्तता म्हणजे कोणत्याही लष्करी गटात न जाता प्रत्येक प्रश्नावर आपापलं मत देण्याची मोकळीक. अलिप्त देशांच्या १९६१ च्या बेलग्रेड परिषदेला जमलेले नेते काही गप्प बसणारे नव्हते. पेपर तपासताना या तिघांची खिचडी दिसली की मी तिथे गोल करते. जी मुलं वेगळं करतात त्यांचं उरलेलं उत्तर मी जरा सैल हाताने तपासते, हेही कबूल करते.

गैरहजेरीचं एक जुनं उदाहरण देते, म्हणजे फरक डोक्यात बसेल. १९५० च्या जानेवारीपासून सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकला होता. चीनची जागा तैवानला पळून गेलेल्या सरकारकडे आहे, ती पेकिंगला (म्हणजे आजच्या बीजिंगला) द्या, ही मागणी. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि परिषदेने दक्षिण कोरियाला मदत करण्याचे ठराव पास केले. नकाराधिकार (व्हेटो, म्हणजे एकट्याच्या ‘नाही’ने ठराव पाडण्याचा हक्क) असलेला देश खोलीत नव्हताच. ऑगस्टमध्ये सोव्हिएत प्रतिनिधी परत आला आणि परिषद पुन्हा ठप्प झाली. त्यावर तोड म्हणून नोव्हेंबर १९५० मध्ये आमसभेने ‘शांततेसाठी एकजूट’ ठराव केला: परिषद अडली तर आमसभेचं आपत्कालीन अधिवेशन बोलवता येईल. ही वाट पहिल्यांदा वापरली गेली १९५६ मध्ये, सुएझसाठीच. इजिप्तच्या नासेरने कालवा राष्ट्रीय मालकीचा केला होता, इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला, ब्रिटन-फ्रान्सने परिषदेत नकाराधिकार वापरला आणि प्रश्न आमसभेत गेला. अधिवेशन बोलावण्याचा ठराव कार्यपद्धतीचा मानला जातो, त्यावर नकाराधिकार चालत नाही. २७ फेब्रुवारी २०२२ ला रशियाविरुद्ध हीच युक्ती वापरली गेली, आणि २ मार्चचं ते १४१-५-३५ त्यातूनच आलं. बघ, द्राक्षाच्या कंटेनरपासून निघालो आणि कोरियापर्यंत जाऊन आलो. इतिहासाची प्रकरणं अशी मागे मागे जात वाच. १९४५ पासून पुढे क्रमाने वाचायला घेतलंस तर शीतयुद्धाच्या मध्यावर कुठेतरी सत्र संपतं.

सनदही उघडून ठेव. १११ कलमं आहेत, सगळी लागत नाहीत. कलम २, २३, २७ आणि ५१ एवढी नीट वाच. २३ मध्ये गंमत आहे: कायम सदस्यांच्या यादीत आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत संघ’ अशीच नावं आहेत. जागेवर बसतात बीजिंग आणि मॉस्को. कागद न बदलता जग कसं बदललं, हे शोधायला गेलास की १९७१ चा ठराव २७५८ आणि १९९१ चा डिसेंबर आपोआप गाठशील. आणि २७ मध्ये ‘व्हेटो’ हा शब्दच नाही. मागच्या सत्रात चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या तीन असाइनमेंट माझ्याकडे आल्या, तिन्हींत सनदेतलं ‘व्हेटो’ शब्द असलेलं वाक्य अवतरणचिन्हांत दिलेलं होतं. मला फार शोध घ्यावा लागला नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, वास्तववादी दृष्टिकोन. व्याख्या लिहून झाली की तू अडतोस, कारण पुढे काय करायचं हे कोणी सांगितलेलं नाही. सिद्धांताला कामाला लावायचं. वास्तववाद म्हणतो, देशांच्या डोक्यावर कोणी धनी नाही, म्हणून जो तो आपली सुरक्षा आणि आपलं हित बघतो. ठीक. मग तांबड्या समुद्रात सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं? इजिप्तचं. सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर होतं, २०२४ मध्ये ते निम्म्याहूनही खाली आलं. वास्तववादानुसार इजिप्तने अमेरिकेच्या पुढाकाराने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नौदल मोहिमेत धावत जायला हवं होतं. गेला नाही. अरब देशांपैकी उघडपणे नाव दिलं ते एकट्या बहारीनने. का? गाझावरून रस्त्यावर असलेला संताप, इस्राएलच्या बाजूने उभं दिसण्याची भीती. हे समजायला ओळख, प्रतिमा, जनमत यांच्याकडे बघावं लागतं, म्हणजे रचनावादाच्या दिशेने जावं लागतं. उलट भारत बघ. त्या मोहिमेत भारतही गेला नाही, पण २३ डिसेंबरला गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर एका टँकरवर ड्रोन आदळल्यावर स्वतःच्या युद्धनौका अरबी समुद्रात उतरवल्या. दुसऱ्याच्या झेंड्याखाली नाही, पण आपला व्यापार सांभाळायला तयार. इथे वास्तववाद बरा लागू पडतो. एक उदाहरण जिथे सिद्धांत चालतो, एक जिथे अडखळतो, आणि अडखळतो त्याचं कारण. दोन पानं सहज भरतात, आणि त्यातलं एकही वाक्य पाठ केलेलं नसतं.

हे सिद्धांत परके वाटत असतील तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात टोपीकरांबद्दल (म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल) सावध केलंय, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे त्यांची राज्यं उभी आहेत. व्यापारी आणि सत्ता यांचं नातं आपल्याकडे कोणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं. परीक्षेत हे एका ओळीत चालतं. चार पानं लिहू नकोस, विषय तो नाही.

एक भाषेची खोड. पाठ्यपुस्तकात ‘राज्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाराष्ट्र, कर्नाटक येतात. एका विद्यार्थिनीने ‘राज्याचे सार्वभौमत्व’ या प्रश्नात बेळगावचा सीमाप्रश्न मनापासून लिहिला होता. हुशार मुलगी, पण गुण देता आले नाहीत. तू सरळ ‘राज्यसंस्था’ लिही, आणि ‘राष्ट्र’ हा शब्द लोकसमूहासाठी राखून ठेव. कुर्द हे राष्ट्र आहे असं म्हणता येईल, त्यांची राज्यसंस्था नाही. एवढा एक फरक कळला की मध्यपूर्वेचा अर्धा नकाशा उलगडतो.

ऑनलाइन शिकण्याबद्दल थोडंच सांगते, कारण शिस्त लाव वगैरे तुला सगळेच सांगत असतील. रात्री दहानंतर दिवसभर उभं राहून आलेला माणूस दीडपट वेगाने व्याख्यान ऐकतो तेव्हा तो झोपेचंच काम करत असतो. वीस मिनिटं ऐक, बंद कर, न बघता पाच ओळी लिही. आठवत नसेल तर तेच वीस मिनिटांचं पुन्हा. आठवड्यात दोन व्याख्यानं अशी झाली तरी पुरे. खरी उणीव वेगळी आहे: वर्गात बाजूला बसलेला कोणीतरी ‘छे, काहीतरीच’ म्हणतो, ते तुला मिळत नाही. मित्रांना समजावून सांगतोस म्हणालास, पण ते मान डोलवतात ना? दुकानाच्या मालकांना सांगून बघ. औषधांच्या कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून येतो हे त्यांना भाव वाढले की चांगलं कळतं. त्यांना म्हण, चीनवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे. ते उलटे दोन प्रश्न विचारतील, आणि परस्परावलंबनाच्या प्रकरणात नेमके तेच दोन प्रश्न असतात.

राहिलं इंग्रजी. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही, तेव्हा सुटका नाही. पण ठरावांची इंग्रजी ठरावीक असते. तेच चाळीस-पन्नास शब्द फिरून फिरून येतात. ठराव २७२२ जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. माझ्या केंद्रावरच्या मुलांना शब्दकोश घेऊन पहिला ठराव वाचायला दोन संध्याकाळी लागतात, तिसरा ठराव ते चहा पिता पिता वाचतात. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी क्रियापद, उजव्या पानावर तुझं मराठी. शासकीय परिभाषेतला शब्द नसला तरी चालेल, तुझ्या आईला कळेल असा लिही. आणि ते ‘नोंद घेते’चं भाषांतर तुला पटत नसेल, याहून नेमकं काही सुचत असेल, तर मला नक्की कळव. मी इतकी वर्षं तेच वापरतेय आणि मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही.